रोखून धरलेली गोष्ट कुणाची?



२४ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात तेलंगणा सरकारची एक याचिका निकालात निघाली. विधिमंडळाने मंजूर केलेली दहा विधेयके राज्यपालांकडे अडकून पडली आहेत, अशी तक्रार घेऊन राज्य सरकार मार्चमध्ये दिल्लीला गेले होते. विद्यापीठांतील नेमणुकांसाठी एकच भरती मंडळ स्थापण्याचे विधेयक त्यात होते, वनविद्यापीठाचे होते, नगरपालिकांचेही होते. सुनावणीच्या दिवसापर्यंत राज्यपाल तमिळिसाई सौंदरराजन यांच्याकडे एकही विधेयक निर्णयावाचून उरले नव्हते. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. पी. एस. नरसिंह यांच्या पीठाने म्हणून प्रकरण मिटवले. मिटवताना त्यांनी एक नोंद मात्र केली. राज्यघटनेतील ‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांना मोठा घटनात्मक अर्थ आहे आणि घटनात्मक पदांवरील व्यक्तींनी तो ध्यानात ठेवला पाहिजे, असा त्या नोंदीचा आशय.

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातले तलमडुगु मंडल बोथ विधानसभा मतदारसंघात येते. इथला मतदार रांगेत उभा राहून मत देतो, त्याचा आमदार हैदराबादला जाऊन ११९ जणांच्या सभागृहात बसतो, विधेयकावर चर्चा होते, मतदान होते, ते मंजूर होते. आणि मग ते राज्यपालांच्या टेबलावर थांबते. या थांबवण्याला घटनेच्या इंग्रजी मजकुरात एक क्रियापद आहे: ‘विथहोल्ड’. आजचे व्याख्यान या एका क्रियापदाचे आहे. विद्यार्थ्यांना ते निकालपत्रावर भेटते, नोकरदारांना शिक्षेच्या आदेशात, निवृत्तांना पेन्शनच्या कागदावर आणि रुग्णांच्या नातेवाइकांना दवाखान्याच्या फॉर्मवर. माणसाच्या हक्काच्या कितीतरी गोष्टी या एका शब्दावर अडून राहतात, म्हणून तो नीट समजून घेणे हे निव्वळ व्याकरणाचे काम राहत नाही.

आधी शब्दाची घडण पाहू. आजच्या इंग्रजीत ‘विथ’ म्हणजे ‘सोबत’, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जुन्या इंग्रजीत मात्र या ‘विथ’चा अर्थ ‘विरुद्ध’, ‘उलट दिशेने’ असा होता. ‘विथस्टँड’ म्हणजे विरोधात उभे ठाकणे, ‘विथड्रॉ’ म्हणजे मागे ओढून घेणे, आणि ‘विथहोल्ड’ म्हणजे पुढे जाऊ पाहणारी गोष्ट मागे धरून ठेवणे. ‘विथ’ आणि ‘होल्ड’ दोन्ही अखंड जोडले गेल्यामुळे स्पेलिंगमध्ये दोन ‘एच’ लागोपाठ येतात. ‘थ्रेशोल्ड’मध्ये त्या जागी एकच येतो आणि मुले दोन्हींची गल्लत करतात. भूतकाळी रूप ‘विथहेल्ड’, आणि सरकारी कागदावर बहुधा तेच दिसते. निकाल विथहेल्ड, रक्कम विथहेल्ड. कुणी रोखली, ते वाक्यात येतच नाही. कर्मणी प्रयोगाची ही सोय कचेऱ्यांना फार मानवते.

या क्रियापदाच्या वाक्यात दोन जागा असतात. काय रोखले ही एक, आणि ‘फ्रॉम’ या शब्दाने जोडलेली दुसरी: कुणापासून रोखले. दुसरी जागा बोलून दाखवली नाही तरी ती असतेच. पगार रोखला तर तो कामगारापासून, निकाल रोखला तर विद्यार्थ्यापासून, माहिती रोखली तर नागरिकापासून. हातात असलेली आणि एरवी दुसऱ्याकडे जायची असलेली गोष्टच विथहोल्ड करता येते. स्वतःच्या खिशातले पैसे कुणी खर्च केले नाहीत तर त्याला विथहोल्ड म्हणत नाहीत, दुसऱ्याचे देणे अडवले तरच म्हणतात. ‘रिफ्यूज’ म्हणजे नकार. तिथे गोष्ट संपते आणि माणूस दुसरी वाट धरतो. ‘रिटेन’ म्हणजे आपल्यापाशी ठेवून घेणे. ‘डिटेन’ बहुधा माणसाला किंवा मालाला लागते. ‘विथहोल्ड’मध्ये होकारही नाही आणि नकाराचा शेवटही नाही. गोष्ट शिल्लक असते, तिचा धनी ठरलेला असतो, फक्त ती पोचलेली नसते.

मराठीत या एका क्रियापदाला पुरे पडणारा एकच शब्द नाही, उलट शब्दांची रांग आहे. वेतनवाढ रोखतात, फाईल दाबून ठेवतात, मजुरी थकवतात, वाट अडवतात, माहिती दडवतात, निकाल राखून ठेवतात. प्रत्येक शब्द रोखणाऱ्याच्या मनातले काहीतरी सांगून जातो. ‘दाबून ठेवली’ म्हटले की हेतूचा संशय आला, ‘थकवली’ म्हटले की देणे बाकी असल्याची कबुली आली. इंग्रजी शब्द हेतूबद्दल काहीच बोलत नाही, म्हणूनच तो कायद्याला आवडतो.

एके ठिकाणी मात्र मराठी वाचकाची खरोखर अडचण होते. न्यायालयाने युक्तिवाद ऐकून निर्णय पुढच्या तारखेसाठी ठेवला, तर वर्तमानपत्र लिहिते, ‘निकाल राखून ठेवला’. शुल्क भरले नाही किंवा गैरप्रकाराची चौकशी चालू आहे म्हणून विद्यापीठाने गुण जाहीर केले नाहीत, तरी बातमी तीच: ‘निकाल राखून ठेवला’. इंग्रजीत पहिले ‘रिझर्व्ह’ आहे आणि दुसरे ‘विथहोल्ड’. पहिल्यात निर्णय अजून व्हायचा आहे, दुसऱ्यात तो झालेला आहे आणि अडवलेला आहे. घटनेच्या २००व्या अनुच्छेदात ही दोन्ही क्रियापदे एकाच वाक्यात शेजारी बसली आहेत. त्यांची गल्लत झाली तर त्या अनुच्छेदावरचा सगळा वादच हातातून निसटतो.

सरकारी नोकरीत हा शब्द शिक्षेचा आहे. केंद्र सरकारच्या १९६५ च्या शिस्तविषयक नियमांत आणि महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत किरकोळ शिक्षांच्या यादीत दोन गोष्टी आहेत: पदोन्नती रोखणे आणि वेतनवाढ रोखणे. दोन्ही शिक्षा असल्यामुळे त्यांच्याआधी नोटीस लागते, कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते, आदेश लेखी लागतो आणि त्यावर अपील करता येते. वेतनवाढ किती काळ रोखली तेही आदेशात लिहावे लागते. कारकुनापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना हे पाठ असते. आपली वेतनवाढ विनाकारण रोखली गेली तर काय करायचे, हे ज्या कचेरीतल्या प्रत्येकाला माहीत आहे, त्याच कचेरीत नागरिकाचा कागद विनाकारण पडून राहतो, ही दुःखाची गोष्ट आहे.

पेन्शनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने फार स्पष्ट भूमिका घेतली. १९८२ च्या नकारा खटल्यात न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, तो केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. पुढे २०१३ मध्ये झारखंडच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याच्या प्रकरणात प्रश्न आला, की चौकशी चालू असताना सरकार पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचा काही भाग नुसत्या प्रशासकीय सूचनेवर अडवू शकते का? न्यायालयाचे उत्तर होते, नाही. पेन्शन ही मालमत्ता आहे आणि घटनेच्या ३००-अ अनुच्छेदाप्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय ती हिरावता येत नाही. रोखायचे तर आधी नियम दाखवा, असे न्यायालयाने सरकारला बजावले.

अमेरिकेत १९४३ पासून नोकरदाराच्या पगारातून दर वेळी कर कापून सरकारकडे भरला जातो आणि त्या कापण्याला तिथे ‘विथहोल्डिंग’ म्हणतात. आपल्याकडे तोच प्रकार टीडीएस म्हणून घरोघरी माहीत आहे. मालक कर कापतो, पण कापलेली रक्कम त्याची होत नाही. साधारणपणे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत ती सरकारजमा करावी लागते. नाही केली तर व्याज लागते आणि फौजदारी खटलाही होऊ शकतो. रोखणारा इथे निव्वळ विश्वस्त असतो आणि त्याच्या हातातल्या पैशांवर तारीख पडलेली असते.

इंग्लंडमधल्या घरभाड्याच्या कायद्यात हे आणखी उघड दिसते. भाडेकरूने जागा दुसऱ्याला द्यायची तर घरमालकाची संमती घ्यावी, असे करारात असेल, तरी मालकाने ती अवाजवीपणे रोखता कामा नये, हे १९२७ च्या कायद्याने घालून दिले. अनुभव असा आला की मालक नाही म्हणत नसत, ते पत्राला उत्तरच देत नसत. तेवढ्यात नवा भाडेकरू कंटाळून निघून जाई. म्हणून १९८८ मध्ये नवा कायदा आला. मालकाने वाजवी वेळेत उत्तर द्यावे, नकार असेल तर लेखी कारणे द्यावीत, आणि आपले वागणे वाजवी होते हे त्यानेच सिद्ध करावे. मूळ इंग्रजी बोलणाऱ्यांच्या देशालाही ‘विथहोल्ड’ या शब्दाशेजारी वेळ आणि कारण बसवायला ६१ वर्षे लागली.

रोखणे नेहमीच वाईट असते असे मात्र नाही. काही वेळा तेच कर्तव्य असते. बलात्कारपीडितेचे नाव छापू नये, हे कायद्याचे बंधन आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या २२८-अ कलमात होते, आता भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमात आहे. पत्रकार इथे नाव रोखतो, ते त्या व्यक्तीसाठी. वैद्यकात तर ‘विथहोल्ड’ आणि ‘विथड्रॉ’ ही जोडी माणसाच्या शेवटच्या दिवसांशी बांधलेली आहे. जीव टिकवणारे उपचार सुरूच न करणे ही पहिली गोष्ट, सुरू केलेले थांबवणे ही दुसरी. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर जवळपास ४२ वर्षे त्याच रुग्णालयात पडून होत्या. त्यांना अन्न देणे थांबवावे, ही पत्रकार पिंकी विराणी यांनी केलेली मागणी सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी मान्य केली नाही. ज्या परिचारिका त्यांची रोज काळजी घेत होत्या त्यांचे म्हणणे न्यायालयाने महत्त्वाचे मानले. त्याच निकालाने कठोर अटींवर उपचार थांबवण्याची वाट देशात पहिल्यांदा खुली केली. शानबाग यांचे निधन १८ मे २०१५ रोजी झाले. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वाट पक्की केली आणि रुग्णाने आधी लिहून ठेवलेल्या इच्छेला मान दिला. उपचार रोखायचे की नाही, हे इथे डॉक्टरांच्या मंडळांपुढे लेखी ठरते. एकट्याच्या मनावर ते सोडलेले नाही.

आता तलमडुगुच्या शिवारात येऊ. तेलंगणा सरकारने १५ सप्टेंबर २०१७ पासून जमिनीचे दप्तर तपासण्याची मोठी मोहीम घेतली. ज्या जमिनीबद्दल वाद नाही ती ‘पार्ट-ए’त गेली, वादाची जमीन ‘पार्ट-बी’त. वारसांमधला तंटा, कोर्टातली केस, वन खाते आणि महसूल खाते यांच्यातली हद्दीची तक्रार, असल्या कारणांनी सर्व्हे नंबर ‘बी’त जाऊन बसले. ‘ए’वाल्यांना जमिनीच्या मालकीचे नवे पट्टादार पासबुक मिळाले, ‘बी’वाल्यांचे थांबले. मग १० मे २०१८ रोजी शेतकऱ्यांना लागवडीसाठी मदत देणारी ‘रैतु बंधु’ योजना सुरू झाली. तेव्हा एका हंगामाला एकरी ४,००० रुपये आणि वर्षाला दोन हंगाम. पैसे पासबुकावर मिळत.

चार एकर कपाशी लावणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब मांडून पाहावा. हंगामाला १६,००० रुपये, वर्षाला ३२,०००. शेत तोच नांगरतो, बियाणे तोच आणतो, कापूस आदिलाबादच्या मार्केट यार्डात तोच नेतो. ‘तुझी जमीन तुझी नाही’ असे त्याला कुणीच सांगितलेले नाही. तसे सांगितले असते तर तो दिवाणी कोर्टाची पायरी चढला असता. त्याला एवढेच उत्तर मिळाले, की नंबर ‘पार्ट-बी’त आहे. एमआरओ (मंडल महसूल अधिकारी) कचेरीत गेला की पुढच्या आठवड्यात ये. पुढच्या आठवड्यात गेला की वरून आदेश आलेला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘धरणी’ पोर्टल आले, एप्रिल २०२५ मध्ये ‘भूभारती’ कायदा लागू झाला आणि प्रत्येक बदलात जुन्या अडकलेल्या नोंदी सोडवण्याचे आश्वासन होते. विथहोल्ड या शब्दाचा पुरा अर्थ या शेतकऱ्याला कुठल्याही शब्दकोशाआधी कळला होता. नकार मिळाला तर माणूस भांडतो. रोखून ठेवले की तो वाट पाहतो, आणि वाट पाहताना सावकाराकडे जातो.

हेच चित्र राज्यपालांच्या पातळीवर मोठ्या प्रमाणावर दिसते. घटनेचा २००वा अनुच्छेद सांगतो की विधेयक समोर आल्यावर राज्यपालांनी जाहीर करावे: अनुमती देतो, किंवा अनुमती रोखतो, किंवा विधेयक राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवतो. त्याला जोडून परंतुक आहे. धनविधेयक नसेल तर राज्यपाल शक्य तितक्या लवकर ते संदेशासह सभागृहाकडे परत पाठवू शकतात. सभागृहाने ते पुन्हा मंजूर केले तर मग राज्यपाल अनुमती रोखणार नाहीत. एकाच अनुच्छेदात हे क्रियापद दोनदा येते, एकदा अधिकार म्हणून आणि एकदा मनाई म्हणून.

ही शब्दरचना ब्रिटिश अमदानीतून आलेली आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या ७५व्या कलमात प्रांताच्या गव्हर्नरला असेच तीन पर्याय होते आणि विधेयक परत पाठवणे त्याच्या मर्जीवर होते. ब्रिटनमध्ये राजमुकुटाने अनुमती नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ चा. राणी ॲन यांनी स्कॉटलंडच्या सैन्यदलाचे विधेयक अडवले. नकाराचे ठरलेले वाक्य नॉर्मन फ्रेंचमध्ये असे आणि त्याचा सरळ अर्थ होता, ‘राणी यावर विचार करतील’. तीनशे वर्षांपूर्वी नकार देतानाही शब्द वापरले ते विचार चालू असल्याचे.

संविधान सभेत मसुदा आला तेव्हा राज्यपालांच्या अनुच्छेदात ‘स्वविवेकाने’ असा शब्द होता. १९४९ मध्ये तो वगळला गेला. राष्ट्रपतींच्या समांतर तरतुदीत विधेयक परत पाठवायला सहा आठवड्यांची मुदत होती. ती काढून ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द घालण्याची दुरुस्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आलेले सदस्य ह. वि. कामत यांनी त्याला हरकत घेतली. मुदत काढली तर दिरंगाईला वाव राहील, ही त्यांची काळजी होती. दुरुस्ती मंजूर झाली. सहा आठवड्यांपेक्षाही लवकर व्हावे, असाच त्या शब्दांचा सरळ अर्थ लागतो. कामतांच्या काळजीचे उत्तर मात्र पुढच्या पिढ्यांना न्यायालयात शोधावे लागले.

पंजाबच्या प्रकरणात १० नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की राज्यपालांना अनुमती रोखायची असेल तर विधेयक परत पाठवलेच पाहिजे, ते घेऊन बसता येणार नाही. तीनच दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, तमिळनाडूचे राज्यपाल आर. एन. रवी यांनी दहा विधेयकांची अनुमती रोखली. १८ नोव्हेंबरला विधानसभेने ती सगळी पुन्हा मंजूर केली. २८ नोव्हेंबरला राज्यपालांनी ती राष्ट्रपतींकडे पाठवली. आधी ‘विथहोल्ड’, मग ‘रिझर्व्ह’. ८ एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी हे बेकायदा ठरवले, मुदती आखून दिल्या आणि दहाही विधेयकांना अनुमती मिळाली असे मानले.

त्यावर १३ मे २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी १४ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे अभिप्रायासाठी पाठवले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे अध्यक्ष होते अमरावतीचे सुपुत्र, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई. पीठात मुंबई उच्च न्यायालयातून आलेले न्या. अतुल चांदूरकरही होते. २० नोव्हेंबर २०२५ रोजी आलेल्या अभिप्रायाचा गाभा या क्रियापदाच्या अर्थाभोवतीच फिरतो. ‘अनुमती रोखणे’ याचा अर्थ विधेयक गुपचूप मारून टाकणे असा होतो का? घटनापीठाचे उत्तर: होत नाही. रोखायचे तर आपल्या म्हणण्यासह सभागृहाकडे परत पाठवावे लागेल. परत न पाठवता नुसते रोखणे संघराज्याच्या तत्त्वात बसत नाही. मात्र न्यायालय तारखा ठरवून देऊ शकत नाही, आणि मुदत टळली म्हणून अनुमती मिळाली असेही मानता येणार नाही. दीर्घकाळ, विनाकारण, बेमुदत काहीच केले नाही तर ‘निर्णय घ्या’ एवढा मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकते.

या अभिप्रायाचा आदर करूनही एक गोष्ट आग्रहाने मांडली पाहिजे. ‘रोखणे’ या शब्दाला कारणाची जोड मिळाली, हा मोठा लाभ आहे. मुदत मात्र मिळाली नाही. कारण द्यायचे बंधन आहे आणि ते कधीपर्यंत द्यायचे याचे नाही, तर न लिहिलेले कारण टेबलावरच राहू शकते.

महाराष्ट्राने याचा अनुभव घेतलेला आहे. मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी १२ नावे ६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०२१ रोजी म्हटले की राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय कळवला पाहिजे आणि आठ महिने हा वेळ पुरेसा होता. निर्णय तरीही आला नाही. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि यादीच मागे घेतली गेली. त्या १२ नावांना कुणीही ‘नाही’ म्हटले नव्हते.

तेलंगणातले ताजे उदाहरण थेट गावाच्या पंचायतीपर्यंत येते. मार्च २०२५ मध्ये विधिमंडळाने मागासवर्गीयांना शिक्षण, नोकऱ्या आणि स्थानिक संस्थांत ४२ टक्के आरक्षण देणारी विधेयके मंजूर केली. राज्यपालांनी ती राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवली. वाट पाहून सरकारने २६ सप्टेंबरला स्थानिक निवडणुकांपुरता स्वतंत्र आदेश काढला. ९ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. डिसेंबरमध्ये सरपंचपदाच्या निवडणुका झाल्या त्या एकूण ५० टक्क्यांच्या मर्यादेतच. ४२ टक्के योग्य की अयोग्य, यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. पण गावातल्या ज्या माणसाला सरपंचपदाचा अर्ज भरायचा होता त्याला निवडणुकीआधी होय किंवा नाही यांपैकी एक ऐकायला मिळायला हवे होते. ‘नाही’ असे उत्तर आले असते तर विधिमंडळाने दुसरा मार्ग शोधला असता.

देशातल्या एका कायद्याने हा गुंता सोडवून दाखवला आहे. माहिती अधिकार कायदा २००५ हा रोखण्याचाच कायदा आहे. कोणती माहिती रोखता येईल याची यादी त्याच्या आठव्या कलमात आहे. अर्ज आल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. एखाद्या कागदाचा काही भागच रोखण्याजोगा असेल तर दहाव्या कलमाप्रमाणे तेवढाच झाकून उरलेला द्यावा लागतो आणि काय झाकले, का झाकले हे कळवावे लागते. नकार द्यायचा तर कारण, अपिलाची मुदत आणि अपील अधिकाऱ्याचा तपशील लिहावा लागतो. अपिलात आपला नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार माहिती अधिकाऱ्यावर असतो. आणि सर्वांत मोलाचे पोटकलम आहे सातव्या कलमाचे दुसरे: ठरल्या मुदतीत निर्णय दिला नाही तर तो नकारच समजावा. कचेरीच्या गप्प बसण्याला या कायद्याने अर्थ दिला. एकदा तो नकार ठरला की पुढची दारे उघडतात. राज्यपालांच्या मौनाला घटनेने असा अर्थ दिलेला नाही, म्हणूनच राज्य सरकारांना दिल्लीपर्यंत जावे लागते.

‘पार्ट-बी’तल्या शेतकऱ्याच्या हातात हा कायदा आजही आहे. पासबुक द्या, असा अर्ज तो नेहमीच करतो आणि त्याला नेहमीचेच उत्तर मिळते. त्याऐवजी त्याने माहिती अधिकारात साध्या कागदावर, तेलुगूत, हिंदीत किंवा इंग्रजीत, तीन गोष्टी मागाव्यात: आपल्या सर्व्हे नंबरची फाईल आज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, त्या फाईलवर कोणत्या तारखेला काय शेरा मारला गेला, आणि कोणत्या नियमाच्या आधारे नोंद थांबवली आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्कही भरावे लागत नाही. अर्ज ज्याला लिहिता येत नाही त्याला लिहून देण्याचे साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्यावर कायद्याने सोपवलेले काम आहे. अर्जाची पोच तारखेसह घ्यावी आणि तिची प्रत घरात जपून ठेवावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर ३१व्या दिवसापासून त्याच कचेरीतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. त्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात. तिथूनही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांत हैदराबादच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते, आणि तिथे विलंबाच्या प्रत्येक दिवसाला २५० रुपये या दराने, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत, संबंधित माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः दंड होऊ शकतो.